टाक्यांची वही: घरून भरतकामाचा व्यवसाय, करापासून मशीनच्या देखभालीपर्यंत

भरतकामाचं मशीन घरात आलं त्या वर्षी मी रात्रंदिवस काम केलं, आणि वर्ष संपल्यावर नफा किती झाला हे मला सांगता आलं नाही. पैसे येत होते, रिळं संपत होती, ग्राहक खूश होते. कर भरायची वेळ आली तेव्हा पिशवीत कोंबलेल्या पावत्या जमिनीवर पसरून बसले, तर निम्म्या पावत्यांवरची शाई उडून कोरे कागद उरले होते. त्याच आठवड्यात मशीन खडखडायला लागलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने विचारलं, "हुकला तेल शेवटचं कधी घातलं?" हुक म्हणजे सुईखाली फिरून दोऱ्याची कडी पकडणारा भाग. तेही आठवेना.

दुखणी दोन, पण औषध एकच निघालं: एक जाडजूड वही. दर कसा लावायचा, कराचे पैसे किती बाजूला काढायचे, सुई कधी बदलायची, या सगळ्यांची उत्तरं टाक्यांच्या आणि मिनिटांच्या नोंदीत सापडतात. म्हणून पहिली पायरी वहीची.

वही आखा

प्रत्येक कामाला एक ओळ. तारीख, ग्राहक, डिझाइनचं नाव, टाके किती, रंग किती, कापड कोणतं, बॅकिंग (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) कोणतं, सुई कोणती, नग किती, त्यातले वाया किती. पुढे दोन रकाने मिनिटांचे: मशीन किती चाललं आणि आपले हात किती गुंतले. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. भरतकामात वेळ जातो तो बहुतेकदा सुई थांबलेली असताना. हूप, म्हणजे कापड घट्ट धरणारी चौकट, कसणं, रंग बदलणं, सुटे दोरे कापणं, बॅकिंग काढणं, आणि "हा निळा की तो निळा" यावर ग्राहकाशी वीस मिनिटं बोलणं. शेवटचा रकाना मशीनचा: तेल, सुई, सफाई. टाक्यांचा आकडा मशीनच्या पडद्यावर दिसतोच, तो फक्त उतरवून घ्यायचा.

संगणकावर तक्ता केला तरी चालेल. मी कागदावर लिहिते, कारण तेलकट हात कीबोर्डला लावायचे नसतात.

काय भरणार ते आधी ठरवा, मशीन नंतर

एका सुईचं घरगुती मशीन आणि अनेक सुयांचं व्यावसायिक मशीन यांच्यात वेगापेक्षा मोठा फरक रंगांचा आहे. एका सुईवर प्रत्येक रंगाला मशीन थांबतं आणि आपण उठून रीळ बदलतो. सहा रंगांचं चिन्ह २० टी-शर्टांवर भरायचं तर १२० वेळा दोरा ओवायचा. अनेक सुयांच्या मशीनवर सगळे रंग आधीच ओवलेले असतात. शिवाय त्याचा खालचा हात नळीसारखा मोकळा असतो, त्यामुळे शिवलेली टोपी, पिशवी, बाही त्यावर चढते. सपाट मशीनवर तयार टोपी धड बसत नाही. टोप्यांची ऑर्डर तिथे घेऊ नका.

हूपचं क्षेत्रही आधीच बघा. १०० × १०० मिमीचं क्षेत्र छातीवरच्या छोट्या चिन्हाला पुरतं, जाकिटाच्या पाठीला नाही. मोठी नक्षी तुकड्यांत भरता येते, पण दोन तुकड्यांचा सांधा एका मिलिमीटरने हुकला तरी लांबून दिसतो. जुनं मशीन घेत असाल तर टाक्यांचा एकूण आकडा विचारा, आपल्याबरोबर कापड नेऊन त्यावर अक्षरं भरून बघा, आणि सुटे भाग व दुरुस्ती करणारा माणूस जवळपास मिळतो का याची खात्री करा. शेवटची गोष्ट किमतीपेक्षा महत्त्वाची.

कापड, दोरा, सुई, बॅकिंग

या चौघांचं जमलं की निम्म्या तक्रारी मिटतात. भरतकामाचा नेहमीचा दोरा ४० नंबरचा. हा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. ६० नंबरचा दोरा बारीक अक्षरांसाठी ठेवा. रेयॉनला चमक मऊ आणि छान असते, पण वारंवार धुतल्या जाणाऱ्या किंवा ब्लीच लागणाऱ्या कपड्यांवर पॉलिस्टरच टिकतो. गणवेश, टॉवेल, खेळाचे कपडे यांना मी दुसरं काही वापरत नाही. खाली बॉबिनमध्ये, म्हणजे सुईखाली बसणाऱ्या छोट्या रिळात, त्याहून बारीक दोरा, बहुधा पांढरा.

सुईवरचे दोन आकडे म्हणजे एकाच जाडीची दोन मापं. ७५/११ मधला ७५ म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.७५ मिमी. ४० नंबरच्या दोऱ्याला हीच सुई चालते. ६० नंबरच्या दोऱ्याला ६५/९, जाड कापडाला किंवा जरीसारख्या धातूच्या दोऱ्याला ९०/१४. टी-शर्टसारख्या विणलेल्या ताणदार कापडाला गोल टोकाची सुई लावा. ती धाग्यांच्या मधून वाट काढते. टोकदार सुई असं कापड कापते आणि दोन धुण्यांनंतर टाक्यांच्या कडेने भोकं दिसतात. घरगुती मशीनच्या सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो, व्यावसायिक मशीनचा बहुधा गोल. गोल माथ्याची सुई बसवताना लांब खाच समोर आणि खळगा मागे हुकच्या बाजूला आला पाहिजे, नाहीतर टाके गळतात.

बॅकिंगचा नियम मी एवढाच पाळते: कापड ताणलं जात असेल तर कात्रीने कापून काढायचं बॅकिंग, जे टाक्यांच्या मागे कायम राहतं. कापड ताठ आणि घट्ट विणीचं असेल तर फाडून काढायचं. मागची बाजूही स्वच्छ दिसायला हवी असेल तर पाण्यात विरघळणारं. टॉवेल, फ्लीस, मखमल यांच्यावर वरूनही विरघळणारी पारदर्शक पन्नी टाका, नाहीतर टाके लवीत बुडतात. टी-शर्टवर फाडायचं बॅकिंग लावून पैसे वाचवण्याचा मोह मलाही झाला होता. पहिल्या धुण्यात चिन्हाभोवती चुण्या पडल्या आणि सगळे टी-शर्ट परत आले.

डिझाइनची फाइल

फोटो मशीनला कळत नाही. चित्राचे टाके ठरवण्याच्या कामाला डिजिटायझिंग म्हणतात आणि ती स्वतंत्र कला आहे. सुरुवातीला हे काम बाहेर द्या, पण फाइल तपासायला शिका. भरीव भागात टाक्यांच्या ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर असतं. त्याहून दाट भरलं की कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि सुया मोडतात. वरच्या टाक्यांखाली आधाराचे विरळ टाके आहेत का बघा. ते नसतील तर कडा लहरतात. टाका कापडाला आत ओढतो, म्हणून रुंदीत थोडी भर द्यावी लागते, एरवी गोल अंडाकृती होतो. ४० नंबरच्या दोऱ्याने ५ मिमीहून लहान अक्षरं वाचता येत नाहीत. ग्राहक कितीही आग्रह करो, इथे नाही म्हणा किंवा बारीक दोऱ्याचा नमुना भरून दाखवा.

फाइलचा प्रकार मशीनप्रमाणे बदलतो: ब्रदरला पीईएस, जनोमेला जेईएफ, व्यावसायिक मशीनना ताजिमाची डीएसटी. डीएसटीमध्ये दोऱ्याचे खरे रंग साठवलेले नसतात, फक्त "इथे रंग बदल" एवढी खूण असते. पडद्यावर लाल फूल हिरवं दिसलं तर घाबरू नका, रंगांचा क्रम वहीतून लावा. मूळ फाइल, म्हणजे ज्यात आकार बदलता येतात ती, डिजिटायझरकडून मागून घ्या. टाक्यांची फाइल नुसती मोठी-लहान केली तर दाटी बिघडते.

एक सावधगिरी. विकत किंवा फुकट घेतलेल्या डिझाइनचा परवाना वाचा. काही डिझाइन फक्त घरगुती वापरासाठी असतात. कार्टूनमधली पात्रं आणि प्रसिद्ध कंपन्यांची चिन्हं ग्राहकाने आणली म्हणून भरता येत नाहीत. संस्थेचं चिन्ह असेल तर त्या संस्थेची लेखी परवानगी फाइलला जोडा.

नमुना, ताण आणि हूप

ग्राहकाच्या कपड्यावर पहिला टाका कधीच घालू नका. तशाच कापडाचा तुकडा घ्या, नमुना भरा, फोटो पाठवा, लेखी होकार घ्या. मग नमुना उलटा करून बघा. साटीन टाक्याच्या, म्हणजे शेजारी शेजारी घातलेल्या आडव्या टाक्यांच्या पट्ट्याच्या, मागच्या बाजूला मधोमध बॉबिनचा पांढरा दोरा साधारण एक तृतीयांश रुंदीत दिसला पाहिजे. पांढरा अजिबात दिसत नसेल तर वरचा ताण ढिला आहे किंवा खालचा जास्त घट्ट. पांढरा दोरा वर उजव्या बाजूला डोकावत असेल तर नेमकं उलटं. बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन ज्यात बसते त्या डबीच्या, स्क्रूला हात लावण्याआधी वरचा दोरा पुन्हा ओवून बघा. माझ्याकडे तरी ताणाच्या बहुतेक तक्रारी दोरा ताण देणाऱ्या चकत्यांच्या मधे नीट न बसल्यामुळेच होत्या.

हूपमध्ये कापड सपाट आणि घट्ट हवं, पण ताणलेलं नको. टी-शर्ट खेचून बसवला तर भरताना छान दिसतो आणि हूप काढल्याबरोबर आखडतो. हूपचे वळ उठतील अशा कापडाला नुसतं बॅकिंग हूपमध्ये कसा आणि कपडा त्यावर भरतकामाच्या चिकट स्प्रेने ठेवा. स्प्रे मशीनजवळ कधीच मारू नका. तो हुकपर्यंत पोचतो.

दर कसा काढायचा

"आसपास काय चाललंय" बघून दर लावणारे लोक दोन वर्षांत मशीन विकतात. आपला दर आपल्या वहीतून काढा. मशीनची किंमत किती वर्षांत वसूल करायची ते ठरवा. समजा तीन वर्षं, वर्षाला १,००० तास. म्हणजे किंमत भागिले ३,००० एवढे पैसे मशीनचे दर तासाला. त्यात आपल्या श्रमाचा तासाचा मोबदला मिळवा, आणि हा मोबदला शून्य धरू नका. मग वीज, जागा, सॉफ्टवेअर, विमा, दुरुस्ती, वाया जाणारे नग यांचा तासाचा वाटा.

आता टाके. पडद्यावर मिनिटाला ८०० लिहिलेलं असलं तरी रंगबदल, दोरा कापणं, कोपऱ्यांवर मंदावणं यामुळे खरा वेग ६०० च्या आसपास पडतो. तासाला ३६,००० टाके. पण तासातली सगळी मिनिटं सुई चालत नाही. वहीत ६० टक्के वेळ मशीन चालल्याचं दिसत असेल तर हाती आले २१,६००. म्हणजे तासाच्या एकूण खर्चाला साधारण २१.६ ने भागलं की हजार टाक्यांचा मूळ खर्च मिळतो. त्यावर नफा. दोऱ्याची फार चिंता करू नका. हजार टाक्यांना वरचा दोरा साधारण ५-६ मीटर लागतो, आणि ५,००० मीटरचं रीळ बराच काळ पुरतं. महाग आहे तो वेळ. म्हणूनच त्याच मापाचा दुसरा हूप ही माझी सगळ्यात फायद्याची खरेदी: एक नग मशीनवर असताना पुढचा कसून तयार.

हजाराच्या दराला तीन गोष्टी जोडा. डिजिटायझिंगचे पैसे वेगळे, एकदाच. ऑर्डर कितीही छोटी असो, एक किमान रक्कम, कारण टॉवेलवरच्या २,००० टाक्यांच्या नावालाही रंग लावणं, हूप कसणं, नमुना भरणं चुकत नाही. आणि तातडीच्या कामाला जादा आकार.

ग्राहक स्वतःचा कपडा आणून देत असेल तर तो बिघडल्यास जबाबदारी किती, हे आधीच कागदावर लिहा. मी श्रमाचे पैसे सोडते, कपड्याची किंमत भरत नाही, असं माझ्या ऑर्डरच्या कागदावर छापलेलं आहे. महागडं जाकीट माझ्या हातून फाटलं त्या दिवसानंतर ते छापलं. मोठ्या ऑर्डरीत दर ५० नगांमागे एक-दोन जादा नग ग्राहकाकडून मागून घ्या.

कर आणि हिशेब

कराचे नियम प्रत्येक देशात वेगळे, दरवर्षी थोडे बदलणारे. त्यामुळे आकडे आपल्या कर सल्लागाराकडून घ्या. पण सल्लागाराकडे काय घेऊन जायचं ते सगळीकडे सारखंच आहे.

पहिल्या दिवशी व्यवसायाचं वेगळं बँक खातं उघडा. घरखर्च त्यातून करायचा नाही. घरासाठी पैसे हवे असतील तर ठरावीक रक्कम स्वतःच्या खात्यात वळवा आणि तशी नोंद करा. दुसरं छोटं खातं कराचं. आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरलेला हिस्सा त्याच दिवशी तिकडे टाका. अनेक ठिकाणी आयकर वर्षातून हप्त्याहप्त्याने आगाऊ भरावा लागतो, आणि हप्त्याची तारीख नेमकी मोठ्या खरेदीच्या आठवड्यात येते.

विक्रीवरचा कर, मग त्याला जीएसटी म्हणा की व्हॅट, हा वेगळा विषय. उलाढाल ठरावीक मर्यादेपुढे गेली की नोंदणी करावी लागते. मर्यादा नफ्यावर नसून उलाढालीवर असते, इथे अनेक जण फसतात. दर महिन्याला वहीतली बेरीज करत राहा म्हणजे मर्यादा जवळ आल्याचं आधी कळेल. नोंदणी झाल्यावर ग्राहकाकडून घेतलेला हा कर आपला नाहीच, तो आपल्याकडे ठेवीसारखा असतो. उलट खरेदीवर आपण भरलेला कर वजा मिळू शकतो, पण त्यासाठी बिल व्यवसायाच्या नावाने लागतं.

आयकर नफ्यावर असतो, म्हणून खर्चाची प्रत्येक पावती म्हणजे पैसे. पावती मिळाली की फोटो काढा. उष्णतेने छापलेली शाई टिकत नाही हे मी किंमत मोजून शिकले. दोरा, सुया, बॅकिंग, डिजिटायझिंग हे चालू खर्च. मशीन आणि संगणक हे भांडवली. त्यांची किंमत बहुधा एकाच वर्षात न धरता घसारा म्हणून वर्षांवर वाटली जाते. काही कायद्यांत पहिल्याच वर्षी मोठा हिस्सा धरण्याची सोय असते, ते विचारून घ्या. आणि वापरायला सुरुवात केल्याची तारीख लिहून ठेवा, कारण घसारा तिथून मोजतात.

घरातल्या जागेचा खर्च मागायचा तर खोली मोजा. घराच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग फक्त कामासाठी असेल तर भाड्याचा तेवढा वाटा दाखवण्याला आधार राहतो; तीच खोली रात्री झोपायला वापरली तर अनेक ठिकाणी तो हक्क जातो किंवा कमी होतो. विजेसाठी अंदाज नको, मशीनवरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. १०० वॅटचं मशीन वर्षाला १,००० तास चाललं तर १०० युनिट. इस्त्री आणि दिवे वेगळे मोजा. यात वहीतली मशीनची मिनिटं पुरावा म्हणून उभी राहतात.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी उरलेली रिळं, बॅकिंगचे गुंडाळे, न विकलेले कपडे मोजा. हा शिल्लक माल त्या वर्षाचा खर्च धरला जात नाही. ग्राहकांचे कपडे यात धरू नका, ते त्यांचे आहेत. वाया गेलेले नग मात्र तारखेसह लिहिलेले हवेत. बिलांना सलग क्रमांक द्या, रद्द केलेलं बिल फाडू नका. आगाऊ घेतलेली रक्कम कोणत्या वर्षात मोजायची हे तुमच्या हिशेबपद्धतीवर ठरतं. एकदा ठरवलेली पद्धत मधेच बदलू नका. दोरे कापायला मदतनीस ठेवलात तर पैसे रोख हातात देऊन विसरू नका, सही घ्या. आणि घराचा विमा असेल तर त्यात व्यवसायाचं मशीन व ग्राहकांचा माल धरलाय का ते विचारा. बहुतेकदा धरलेला नसतो.

मशीनची देखभाल

रोटरी हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो. मिनिटाला ८०० टाके म्हणजे हुकचे १,६०० फेरे. धातूवर धातू, मधे तेलाचा एक पातळ थर, आणि वरून सतत झडणारा दोऱ्याचा भुसा. हे चित्र डोळ्यांपुढे असलं की देखभालीचा कंटाळा येत नाही.

रोज काम संपल्यावर मशीन बंद करून सुईखालची पट्टी काढा, मऊ ब्रशने भुसा बाहेर ओढा. तोंडाने किंवा हवेच्या डब्याने फुंकू नका, भुसा आत जाऊन बसतो. बॉबिन केसच्या पातीखाली साचलेला भुसा जाड कागदाच्या कोपऱ्याने काढा. पांढरा दोरा अचानक वर दिसायला लागण्याचं हे एक नेहमीचं कारण. व्यावसायिक मशीनच्या हुकला चार ते आठ तासांच्या चालीनंतर तेलाचा एक थेंब. एकच. मग चिंधीवर शे-दोनशे टाके चालवा म्हणजे जादा तेल तिथे उतरेल. तेल शिलाई मशीनचंच, पारदर्शक. स्वयंपाकघरातलं तेल चिकट होऊन हुक जाम करतं. वरून बॉबिन टाकायच्या अनेक घरगुती मशीनना वापरणाऱ्याने तेल घालायचंच नसतं. तिथे पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करा.

सुई मोडेपर्यंत वापरायची वस्तू नाही. साधारण आठ तासांच्या चालीनंतर बदला, आणि सुई हूपला किंवा बटणाला आदळली तर लगेच. टोक नखावरून हलकेच फिरवा. ओरखडा उठला तर फेका. सुई मोडली तर सगळे तुकडे शोधा आणि जोडून बघा. एखादा तुकडा हुकमध्ये राहिला तर मशीन खराब होतं, कपड्यात राहिला तर माणसाला टोचतो. मी ते तुकडे चिकटपट्टीने वहीत त्याच ओळीत लावते. लहान मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत ग्राहकाला दाखवता येतात.

दमट हवेत दोरा आणि बॅकिंग बंद डब्यात ठेवा, उन्हात रिळांचे रंग उडतात. वीज कमी-जास्त होत असेल तर मशीन यूपीएसवर जोडा. डिझाइनच्या मधे वीज गेली तर काही मशीन शेवटचा टाका लक्षात ठेवतात, सगळी नाही. जादा बॉबिन केस, सुईखालची पट्टी आणि वरच्या ताणाची बारीक स्प्रिंग घरात असू द्या. वर्षातून एकदा, किंवा टाक्यांचा आकडा पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेला पोचला की, पूर्ण तपासणी करून घ्या. हुकचं टायमिंग स्वतः हलवू नका. सुई खालच्या टोकावरून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेवढ्यात हुकच्या टोकाने दोऱ्याची कडी पकडायची असते. इतक्या बारीक खेळात अंदाज कामाचा नाही.

मशीन अडलं तर माझा क्रम ठरलेला आहे. वरचा दोरा काढून, दाबाची पट्टी वर करून, पुन्हा ओवायचा. मग सुई बदलायची. मग बॉबिन काढून भुसा साफ. मग वेगळी, आधी नीट चाललेली फाइल लावून बघायची. ती चालली तर दोष डिझाइनमध्ये. तरीही खाली दोऱ्याचा गोळा होत असेल तर फोन. फोन करण्याआधी वही उघडून समोर ठेवते, कारण तिकडून पहिला प्रश्न अजूनही तेलाचाच येतो.